संशय, मोह आणि तेच ते पाप: रोजच्या झगड्यात नेमकं काय करायचं?

कृष्णाकाठ (सांगली)

जय ख्रिस्त, सर्वांना. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आमच्या तरुण संघाच्या शास्त्राभ्यासाला हा विषय घ्यायचा आहे. मुलं-मुली १८ ते ३० वयाची आहेत. कोणी मिरजेत नर्सिंगला आहे, कोणी कुपवाड एमआयडीसीत पाळीवर जातं, काही पुण्याहून फक्त शनिवार-रविवारी येतात. 'प्रार्थना करा, वचन वाचा' हे उत्तर त्यांना संडे स्कूलपासून पाठ आहे. त्यांचे प्रश्न त्याच्या पुढचे आहेत. संशय येणं हेच पाप का? एकच पाप कबूल करून पुन्हा घडतं, तेव्हा क्रमाने काय करायचं? आणि कबुली द्यायची तर कुणाजवळ, कारण आपल्या मंडळ्या (चर्चचे समुदाय) लहान आणि निम्मे सभासद एकमेकांचे पाहुणे?

एक विनंती. साक्षी, म्हणजे स्वतःचे अनुभव, आपण उपासनेत ऐकतोच. इथे पद्धत लिहा, वचनासकट, आणि ती कुठे फसते तेही.

नित्यपाठ (सातारा)

पहिल्या प्रश्नापासून धरतो, कारण तिथे गोंधळ झाला की पुढचं सगळं चुकतं.

संशयी माणसाला गप्प करायला दोन वचनं वापरली जातात: याकोब १:६-८ आणि रोमकरांस १४:२३. दोन्ही आजूबाजूच्या ओळींसकट वाचायला हवीत. याकोबाच्या पत्रात विषय पाचव्या वचनात सुरू होतो. कुणाला ज्ञान कमी पडत असेल तर त्याने मागावं, देव दोष न लावता देतो. त्यानंतरचा इशारा आहे तो दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याला, म्हणजे देवाकडे मागायचं पण त्याने सांगितलेलं करायचं की नाही हे राखून ठेवायचं, अशाला. खऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्याला तो नाही. रोम १४ तर सगळा खाण्यापिण्यावर आणि सणवार पाळण्यावर आहे. मनाला जे पटलेलं नाही ते लोकलज्जेने करू नका, एवढंच तिथे म्हटलंय. देवाविषयी पडलेल्या प्रश्नांचा तिथे संबंधच नाही.

आता प्रभू संशयी लोकांशी कसा वागला ते बघा. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून निरोप पाठवतो की येणारा तो तूच का (मत्तय ११). येशू त्याला रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, हे जाऊन सांगा म्हणतो आणि निरोपे वळल्यावर लोकांसमोर योहानाची थोरवी सांगतो. मार्क ९:२४ मधल्या बापाने विश्वास आणि अविश्वास एकाच श्वासात कबूल केले आणि त्याचा मुलगा बरा झाला. मुलगा बरा होण्यासाठी आधी बापाचा अविश्वास संपावा लागला नाही. यहूदाच्या पत्रातलं २२ वं वचन तर मंडळीलाच सांगतं की संशयात असलेल्यांवर दया करा.

व्यवहारात संशय तीन वाटांनी येतो आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

एक, माहितीचा: हस्तलिखितं, विज्ञान, इतर धर्म. याला अभ्यासच लागतो. नुसती प्रार्थना करून हा जात नाही, दबतो आणि नोकरीला लागल्यावर परत वर येतो. प्रश्न एका वाक्यात लिहायला लावा. 'मला काहीच पटत नाही' हा प्रश्न नव्हे. 'चार शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांत) पुनरुत्थानाच्या सकाळचे तपशील वेगळे का' हा प्रश्न आहे आणि त्यावर बसून बोलता येतं.

दोन, दुखण्याचा: मूल गेलं, लग्न मोडलं, पुराचं पाणी घरात दोनदा शिरलं. इथे पुरावे मांडणं ही क्रूरता आहे. इथे स्तोत्रं द्या. स्तोत्र १३ अवघ्या सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कुठवर' असा सवाल, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. माणूस पहिल्या दोन वचनांवर महिनाभर थांबला तरी थांबू द्या. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

तीन, इच्छेचा. आज्ञा कळलेली आहे, पाळायची नाही, म्हणून आज्ञा देणाऱ्यावरच प्रश्न. हा ओळखायची खूण अशी की प्रश्नाला उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न पुढे येतो आणि एक ठरावीक विषय मात्र कधीच निघत नाही. योहान ७:१७ इथे लागू पडतं: जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार आहे त्याला शिकवण कुठली ते कळेल. पण हा तिसरा प्रकार दुसऱ्याच्या माथी मारू नका. तो ज्याचा त्यानेच स्वतःत तपासायचा असतो.

हरिपूर (सांगली)

पहिल्या प्रकारावर जरा विस्ताराने लिहाल का? मुलं मोबाइलवर 'बायबल बदललं गेलं' असे व्हिडिओ बघून येतात आणि शिकवणाऱ्यांकडे उत्तर नसतं. मग 'असलं बघू नका' म्हणून विषय संपवला जातो.

नित्यपाठ (सातारा)

'बघू नका' म्हटलं की मुलांना वाटतं यांच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे. खरं आहे ते आपणच आधी सांगायचं.

जुन्या कराराबद्दल: मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७ पासून गुंडाळ्या सापडल्या. त्यातली यशयाची मोठी गुंडाळी, तोवर हाती असलेल्या इब्री हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी. ताडून पाहिलं तर शब्दलेखनाचे आणि किरकोळ शब्दांचे फरक पुष्कळ, पण यशयाचा संदेश तोच. नव्या कराराबद्दल: चौथ्या शतकातली व्हॅटिकन आणि सिनाई ही मोठी हस्तलिखितं आज उपलब्ध आहेत, आणि योहानाच्या शुभवर्तमानाचे पपायरसचे तुकडे त्याहूनही जुने आहेत.

याच्या जोडीला हेही सांगा की मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३ ते ८:११ हे दोन उतारे त्या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत नाहीत. हे मुलांना व्हिडिओतून कळलं तर हादरा बसतो. पाळकांच्या तोंडून कळलं तर विश्वास वाढतो, कारण हे फरक ख्रिस्ती अभ्यासकांनीच शोधून छापलेले आहेत.

एका बैठकीत एकच प्रश्न घ्या. उत्तर ठाऊक नसेल तर पुढच्या बैठकीची तारीख द्या आणि त्या दिवशी उत्तर घेऊन या. तारीख न देता 'बघू नंतर' म्हटलं की मुलं समजायचं ते समजतात.

माहुली_संगम (सातारा)

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, ज्याच्यासाठी लोक रात्री उशिरा पाळकांना फोन करतात.

याकोब १:१४-१५ हा पापाचा क्रम आहे: आधी ओढ, मग भुरळ, मग इच्छा गर्भ धरते, मग पाप जन्मतं, मग मरण. माणूस बहुधा चौथ्या पायरीवर लढायला उठतो आणि हरतो. लढाई पहिल्या-दुसऱ्या पायरीवर जिंकायची असते, जिथे अजून पाप घडलेलंच नाही. ओढ लागणं हे पाप नव्हे. इब्री ४:१५ सांगतं की ख्रिस्ताची आपल्यासारखीच सर्व प्रकारे परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला. तेव्हा 'माझ्या मनात विचार आला, म्हणजे मी पडलोच, आता पुढे गेलो काय आणि नाही काय' हे सैतानाचं गणित आहे. कितीतरी जण पहिल्या विचारानंतर केवळ या गणितामुळे पडतात.

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने असे आठ विचार मांडले: खादाडपणा, वासना, पैशाची हाव, उदासी, राग, आध्यात्मिक आळस-कंटाळा, लौकिकाची भूक आणि गर्व. पुढे पोप ग्रेगरीच्या काळात त्यातूनच सात प्रमुख पापांची यादी आली. त्या यादीचा आजचा उपयोग असा की माणसाला आपल्या विचाराला नाव देता येतं. दुपारी जेवणानंतर शास्त्र उघडवत नाही, सगळं निरर्थक वाटतं, उगाच उठून फिरावंसं वाटतं, याला त्या संन्याशांनी दुपारचं भूत म्हटलं होतं. नाव कळलं की निम्मी भीती जाते.

आता क्रम. एका वेळी एकच पाप धरा. सगळी एकदम सुधारायला निघालेला माणूस आठवड्यात थकतो. सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नेशियसने यासाठी दिवसाचे तीन टप्पे घालून दिले. ते आपल्या मंडळ्यांनाही वापरता येतात. सकाळी उठताच त्या एका गोष्टीचं नाव घेऊन कृपा मागायची. दुपारच्या जेवणानंतर मागे वळून बघायचं, किती वेळा घसरलो, तेवढे ठिपके वहीत मारायचे. रात्री पुन्हा तसंच, दुपारच्या ओळीखाली. काय घडलं याचं वर्णन लिहायचं नाही, फक्त ठिपके. म्हणजे वही कुणाच्या हाती पडली तरी काही कळत नाही आणि पापाची उजळणीही होत नाही. पाळीवर असणाऱ्यांनी 'सकाळ' म्हणजे आपली उठायची वेळ धरावी. रात्रपाळीला घड्याळाप्रमाणे करू गेलं तर तीन दिवसांत सुटतं.

रात्रीचा आढावा १० ते १५ मिनिटांचा असतो. आधी आभार, नेमक्या गोष्टींसाठी. मग प्रकाश मागणं, कारण स्वतःच्या मनाने शोधायला गेलं तर माणूस एक तर स्वतःला माफ करत सुटतो नाहीतर झोडपत सुटतो. मग दिवस तासातासाने मागे पाहणं. मग क्षमा. मग उद्याची एकच ठोस गोष्ट. लोक आभार गाळून थेट तिसऱ्यावर येतात आणि चार दिवसांत आढावा नकोसा होतो. क्रम बदलू नका.

कबुलीत मोघमपणा चालत नाही. 'प्रभू, माझी सर्व पापं क्षमा कर' ही उपासनेतली सामूहिक कबुली ठीक आहे, एकांतात नाही. 'आज दुपारी सहकाऱ्याबद्दल साहेबांना खोटं सांगितलं' असं म्हणायचं. १ योहान १:९ मधलं क्षमेचं वचन पापं पदरी घेणाऱ्यांना, म्हणजे कबूल करणाऱ्यांना, दिलेलं आहे.

आणि पैशाचं पाप असेल तर कबुलीबरोबर परतफेड. लेवीय ६ मध्ये मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं आहे. म्हणजे दुकानातून ५०० उचलले असतील तर ६००. येशूला भेटलेल्या जक्कय जकातदाराने तर चौपट देऊ केले. बचत गटाच्या, पतपेढीच्या, मंडळीच्या पैशात हात घातलेला माणूस वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करतो आणि शांती मिळत नाही म्हणतो. पैसे परत केल्याशिवाय ती कशी मिळेल?

पडल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात धोक्याचा. तेव्हा दोन आवाज येतात: 'आता देवाजवळ लगेच जाऊ नको, आधी थोडे दिवस नीट राहून दाखव' आणि 'आज दिवस वायाच गेला, आणखी एकदा काय फरक पडतो'. दोन्हींना एकच उत्तर: त्याच क्षणी, आहात तिथे, मोठ्याने किंवा मनात कबुली. पेत्र आणि यहूदा इस्कार्योत, दोघांनाही एकाच रात्री धन्याला सोडल्याचं दुःख झालं. एक परत भावांमध्ये आला, दुसरा एकटाच निघून गेला. २ करिंथ ७:१० हाच फरक सांगतं.

अजिंक्यतारा (सातारा)

पाळकसाहेब, आदर ठेवून विरोध नोंदवतो. ठिपक्यांची वही म्हणजे कृपेला बाजूला सारून हिशेब मांडणं. पौलाने कलस्सै २:२०-२३ मध्ये 'शिवू नको, चाखू नको' अशा नियमांबद्दल म्हटलंय की ते दिसायला शहाणपणाचे, पण देहवासनेला आवर घालायला कुचकामी. ठिपके कमी झाले की माणूस फुगतो, वाढले की खचतो. दोन्ही वेळा नजर स्वतःवरच. रोम ७ मधला माणूस 'मला कोण सोडवील' असं विचारतो. 'मी कसा सुधारू' असं विचारत नाही. आणि उत्तर रोम ८:१ मध्ये आहे, दंडाज्ञा नाहीच.

माहुली_संगम (सातारा)

भाऊ, इशारा रास्त आहे आणि तो प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. म्हणून वहीची मुदत ठेवा: एका लेंटपुरती, ४० दिवस, रविवार वगळून. मग बंद. ठिपके पाहून फुगायला होत असेल तर त्याच दिवशी बंद.

पण रोम ८ तिथेच थांबत नाही. १३ वं वचन शरीराची कर्मं आत्म्याच्या योगे ठार मारायला सांगतं. मारायचं ते काय आहे हे माहीत नको का? दंडाज्ञा नाही म्हणूनच माणूस निर्भयपणे वहीत बघू शकतो. दंडाची भीती असती तर लपवलंच असतं.

निशिगंध (मिरज)

वहीचा वाद बाजूला ठेवून एक गोष्ट ठामपणे लिहिते, कारण यात जिवाशी गाठ आहे. काही जणांनी वही अजिबात वापरू नये.

ज्यांना देवाची निंदा करणारे विचार नको असताना सारखे येतात, एकच पाप दहा-दहा वेळा कबूल करूनही 'नीट कबूल झालं नाही' वाटतं, प्रार्थनेतला एक शब्द चुकला तर पहिल्यापासून सुरू करावी लागते, आपल्या हातून अक्षम्य पाप घडलं अशी भीती बसते, त्यांचा त्रास बऱ्याचदा मंत्रचळ म्हणजे ओसीडी या आजाराचा असतो. मार्क ३:२८-३० मधलं ते पाप, समोर पवित्र आत्म्याचं काम दिसत असताना ते सैतानाचं म्हणणाऱ्या शास्त्र्यांबद्दल आहे. ते पाप घडलं असेल या भीतीने जो रडतो, त्याचं मन त्या शास्त्र्यांसारखं दगड झालेलं नाही. हे एकदा सांगा. पण एकदाच! इथेच चांगली माणसं चुकतात. रोज फोन आला की रोज दिलासा देतात. दिलाशाने दोन तास बरं वाटतं आणि मग त्याची गरज वाढत जाते. तज्ज्ञांची उपचारपद्धत उलटी असते: विचार येऊ द्यायचा, त्यावर पुन्हा कबुली द्यायची नाही, अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. जोडीला लागल्यास गोळ्या. या आजारात गोळ्यांचा पुरता परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, म्हणून तीन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नये. मार्टिन ल्यूथर आपल्या कबुली ऐकणाऱ्या गुरूला तासन् तास बसवून ठेवत असे, आणि इग्नेशियसही स्पेनमधल्या मानरेसाला असताना याच छळातून गेला. विश्वास कमी असल्याची ही खूण नव्हे.

दुसरं, नैराश्य. झोप पहाटे मोडते, भूक गेली, कशातच रस नाही, दोन आठवड्यांहून जास्त असंच चाललंय, तर आधी डॉक्टर. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतर. मिरजेत वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला तोही ख्रिस्तसेवा म्हणूनच. औषध आणि प्रार्थना यांचं वैर आपल्या भागातल्या मंडळ्यांना तरी शोभत नाही. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा टेलीमानस क्रमांक १४४१६ आहे, फुकट, मराठीतही बोलतात. जीव देण्याचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नका.

तिसरं, दारू. रोज भरपूर पिणाऱ्याला प्रार्थनासभेत एकदम सोडायला लावू नका. पहिल्या दिवशी हातापायाला थरथर, दोन दिवसांच्या आत कधी झटके, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास: भिंतीवर किडे, कुणीतरी मारायला आलंय. याला भूतबाधा समजून भुतं काढायला बसणं धोक्याचं आहे, कारण हे उपचाराविना जिवावर बेततं. दवाखान्यात चार-पाच दिवस भरती करून सुटणं सुरक्षित. तिथे गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. मग प्रार्थना, मंडळी, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या) सभा, सगळं जोरात करा.

कोयनाकाठ (कराड)

ताई, हे छापून लावण्यासारखं आहे. मोबाइलवरच्या अश्लील चित्रफितींबद्दल कुणी उघड लिहील का? पाळकांना विचारायला मुलं लाजतात, आणि आता मुलीसुद्धा विचारतात.

हरिपूर (सांगली)

लिहितो. शास्त्र इथे दोन वेगळ्या आज्ञा देतं आणि त्यांची अदलाबदल झाली की हरायला होतं. भीती आणि संशय घेऊन येणाऱ्या सैतानाला अडवा, तो पळेल (याकोब ४:७). पण जारकर्माच्या मोहापासून तुम्हीच पळा (१ करिंथ ६:१८). योसेफ, मोहात पाडू पाहणाऱ्या पोटीफराच्या (त्याच्या धन्याच्या) बायकोशी वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हाती सोडून निघाला. बिछान्यात मोबाइल हातात धरून मोहाविरुद्ध प्रार्थना करणारा पळायच्या ठिकाणी उभा राहून लढतोय.

म्हणून आधी जागा बदला. मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात, गजरासाठी साधं घड्याळ. स्नानगृहात मोबाइल नेणं बंद. फोनच्या सेटिंगमध्ये मुलांसाठीचं कुलूप असतं, त्याचा आकडा दुसऱ्याने टाकायचा आणि आपल्याला सांगायचा नाही. स्वतः टाकलेलं कुलूप पहिल्याच ओढीत उघडलं जातं.

मग वेळ ओळखा. आठवडाभर फक्त एवढं बघा की ओढ कधी लागते. बहुतेकांची उत्तरं चारच निघतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. रात्रपाळी करून सकाळी आठला रिकाम्या खोलीवर येणाऱ्या मुलाला चारही एकदम असतात. त्याला उपदेशापेक्षा येताना खानावळीत पोटभर खाऊन, आंघोळ करून, अंधार करून सरळ झोपण्याची शिस्त जास्त उपयोगी. ओढ लाटेसारखी चढते आणि खतपाणी घातलं नाही तर बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तेवढा वेळ पायांना काम द्या: जिना, गल्ली, भांडी.

आणि वचन नेमकं निवडा. येशूने अरण्यात तीन मोहांना तीन वेगळी वचनं दिली, तिन्ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. म्हणजे ती आधीपासून तोंडपाठ होती. 'प्रभू माझा मेंढपाळ' सुंदर आहे, पण प्रत्येक मोहाला ते लागू होत नाही. या मोहासाठी १ करिंथ १०:१३ आणि मत्तय ५:८ पाठ करा. अपशब्दांसाठी इफिस ४:२९. हेव्यासाठी स्तोत्र ७३ पूर्ण, २८ वचनं.

नित्यपाठ (सातारा)

पाठांतराबद्दल एक भर. आपल्याकडे गद्य वचन टिकत नाही, चालीवर टिकतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे नीट कळलं होतं. मिशनचं काम सोडून १९१७ मध्ये त्यांनी इथे साताऱ्यातच 'देवाचा दरबार' सुरू केला. अभंग, भजन, कीर्तन हेच त्यांचं साधन. तेव्हा वचन ओवीच्या किंवा अभंगाच्या चालीत बसवा. दिवसाला एकच, आणि सात दिवस तेच. आठवड्याला सात वचनं घेणाऱ्याला महिन्याच्या शेवटी एकही येत नाही.

संशयात अडकलेल्या मुलांना टिळकांच्या घरातलं दुसरं उदाहरणही द्या. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळायचा राहिला होता, तो पुढे कित्येक वर्षांनी मिळाला. ज्यांच्या नावाने आपण अभिमान बाळगतो त्यांनाही वेळ लागला. एका लेंटमध्ये निकाल मागू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

मनापासून आभार सगळ्यांचे. तिसरा प्रश्न राहिलाय: कबुली कुणाजवळ?

माहुली_संगम (सातारा)

याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं, सगळ्यांसमोर नव्हे. इग्नेशियसने एक बारीक गोष्ट हेरली होती: मोह देणाऱ्याला गुप्तता हवी असते, गोष्ट शहाण्या माणसाच्या कानावर गेली की त्याचा डाव मोडतो. म्हणून कुणीतरी एक माणूस हवाच.

आपल्या मंडळ्यांत नात्याची अडचण खरी आहे. उपाय असा की माणूस दुसऱ्या गावच्या मंडळीतला घ्या. सांगलीच्या मुलाने साताऱ्याचा, कराडच्या मुलीने मिरजेची. पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री. वयाने थोडा मोठा, ज्याच्या घरी आपल्या लग्नाची बोलणी होण्याची शक्यता नाही असा. पंधरा दिवसांतून एकदा, शक्यतो समोरासमोर, अर्धा तास. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने १७३८ मध्ये आपल्या लहान गटांसाठी प्रश्न घालून दिले होते, तेच आजही पुरतात: मागच्या भेटीपासून कोणतं पाप घडलं, कोणता मोह आला, त्यातून कसे सुटलात, आणि जे पाप आहे की नाही याची शंका वाटते असं काय केलंत किंवा बोललात. चौथा प्रश्न विसरू नका, बरंच काही त्यातून निघतं.

ऐकणाऱ्याने काय करू नये ते जास्त महत्त्वाचं. तपशील खणू नयेत. लगेच स्वतःचं सांगत बसू नये. ऐकून झाल्यावर १ योहान १:९ किंवा स्तोत्र ३२ मोठ्याने वाचावं, डोक्यावर हात ठेवून क्षमेचं आश्वासन द्यावं आणि पुढच्या भेटीची तारीख ठरवावी. सर्वांत मोठं विश्वासघाताचं रूप आपल्याकडे भक्तीच्या वेशात येतं: 'अमक्यासाठी प्रार्थना करा, तो अमक्या पापात आहे' असं घरसभेत सांगणं. नाव न घेता सांगितलं तरी लहान मंडळीत नाव कळतंच. प्रार्थना एकांतात करावी.

गुप्ततेला एक मर्यादा आहे आणि ती पहिल्या भेटीतच सांगून टाकावी. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. मंडळीत 'मिटवणं' हा गुन्हा आहे आणि मुलावर दुसरा अन्यायही.

वाईचा_घाट (वाई)

धाग्याला धरूनच विचारते. गणपतीत, श्रावणात शेजारून प्रसाद येतो. घेतला तर मन खातं, नाही घेतला तर शेजार दुखावतो. रोजचा झगडा हाच जास्त आहे.

नित्यपाठ (सातारा)

ताई, १ करिंथ ८ आणि १० शेजारी ठेवून वाचा. पौल प्रसंग वेगळे करतो. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा (१०:२५). अविश्वासणाऱ्याने जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा (१०:२७). पण 'हे देवाला वाहिलेलं आहे' असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, सांगणाऱ्याच्या मनासाठी (१०:२८). आणि मूर्तिपूजेच्या पंक्तीत भागी होऊ नका (१०:२०-२१). प्रसाद म्हणून हातावर ठेवलेलं तिसऱ्यात मोडतं, असं बहुतेक मंडळ्या शिकवतात. दिवाळीचा फराळ दुसऱ्यात मोडू शकतो, इथे मतं वेगळी आहेत. तुमचं मन खात असेल तर रोम १४:२३ इथे अगदी बरोबर लागू आहे, घेऊ नका. नाकारताना मात्र हात मागे ओढू नका. दोन्ही हात जोडून 'काकू, आमच्यात चालत नाही, पण बसा, चहा घ्या' म्हणावं आणि नाताळात फराळाचं ताट त्यांच्याकडे आधी जावं.

अजिंक्यतारा (सातारा)

शेवटचं एक. आठवडाभरात पापात पडलेली माणसं प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी मागच्या बाकावरून उठून निघून जातात. १ करिंथ ११ मधल्या, अयोग्य रीतीने खाण्याबद्दलच्या इशाऱ्याची भीती. पाळकसाहेब, यावर काय सांगावं?

माहुली_संगम (सातारा)

करिंथात श्रीमंत आधी खाऊन धुंद होत आणि गरीब उपाशी राहत. अयोग्य रीतीने खाणं म्हणजे ते (११:२१-२२). आणि २८ वं वचन नीट वाचा: स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, प्यावं. परीक्षा करून घरी जावं असं तिथे नाही. पापाशी झगडणारा माणूसच त्या मेजाचा खरा गरजू आहे.

थांबायचं ते दोनच कारणांनी: पाप सोडायचंच नाही असं ठरवलेलं असेल, किंवा कुणाशी वैर धरलेलं असेल. वैराबाबत मत्तय ५:२३-२४ आधी समेट सांगतं. म्हणून मंडळीत प्रभुभोजनाची सूचना आदल्या रविवारी द्यावी, म्हणजे मधे सहा दिवस मिळतात. भाऊबंदकीत शेताच्या बांधावरून बोलणं बंद असेल तर शनिवारच्या आत जाऊन भेटा. तो मुंबईला असेल तर फोन करा. त्याने उचलला नाही तर दोन ओळींचा निरोप पाठवा, त्यात जमिनीचा विषय काढू नका. त्याने उत्तर दिलं नाही तरी रोम १२:१८ प्रमाणे तुमच्याकडून होण्यासारखं तेवढं झालं. रविवारी मेजापाशी या.